इटलीच्या टाचेवरची गरिबाची चूल

नकाशात इटली हा देश बुटासारखा दिसतो, हे शाळेत आपण सर्वांनीच ऐकले आहे. त्या बुटाच्या टाचेचा जो भाग, त्याला पुलिया म्हणतात. एका अंगाला आद्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन समुद्र आणि मध्ये उन्हात भाजून निघालेली चुनखडकाची जमीन. किनाराच सुमारे आठशे किलोमीटरचा.

आज या मुलखाच्या जेवणाचे कौतुक साऱ्या जगात चालले आहे. बड्या शहरांतील हॉटेलांत पुलियाचा पाव, पुलियाचे ऑलिव्ह तेल आणि तेथील बायकांच्या हातच्या वळलेल्या शेवया चढ्या दराने मिळतात. परदेशी पाहुणे केवळ खाण्यासाठी तिकडे जातात. भूमध्य समुद्राकाठची आहारपद्धती हा साऱ्या मानवजातीचा वारसा आहे, असे युनेस्कोने २०१० साली जाहीर केले. त्यात इटलीबरोबर स्पेन, ग्रीस आणि मोरोक्को हे देश होते.

गंमत अशी की, ज्या ताटासाठी पाहुणे रांगा लावतात, त्यातले बहुतेक पदार्थ भुकेल्या माणसांनी शोधून काढलेले आहेत. तेथील लोक स्वतःच या स्वयंपाकाला ‘कुचिना पोव्हेरा’ म्हणतात. म्हणजे गरिबाची चूल. शेतमजूर, मेंढपाळ आणि कोळी यांच्या घरातली ही चूल. आपणही कोरडवाहू मुलखातली माणसे. तेव्हा या चुलीवर काय शिजत होते, ते कशामुळे टिकले आणि आज त्याच्यावर कोणते संकट आले आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

दगड फार, पाणी थोडे

पुलियात मोठ्या नद्या नाहीत. पडलेला पाऊस चुनखडकाच्या भेगांतून खाली निघून जातो. फोज्जा शहराभोवतीच्या सपाट मैदानात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः हिवाळ्याच्या आसपास. उन्हाळा कोरडा ठणठणीत. रोमन कवी होरेस याच भागाच्या सीमेवर जन्मला. दोन हजार वर्षांपूर्वी त्यानेही हा मुलूख तहानलेला असल्याचे लिहून ठेवले आहे.

पिण्याच्या पाण्याची सोय तर विसाव्या शतकापर्यंत झाली नव्हती. पावसाचे पाणी दगडी हौदात साठवायचे आणि वर्षभर पुरवायचे. शेवटी डोंगरापलीकडे पश्चिमेला वाहणाऱ्या सेले नदीच्या उगमाचे पाणी आपेनाइन डोंगराखालून बोगदा काढून पूर्वेकडे वळवले. १९०६ साली काम सुरू झाले आणि १९१५ साली बारी या मुख्य शहरात ते पाणी पोहोचले. आपण कोयनेचे पाणी घाटाखाली पश्चिमेला वळवले, त्याच्या उलट प्रकार म्हणायचा.

जमीन होती, पण ती कसणाऱ्यांची नव्हती. हजारो एकरांचे मालक शहरात राहत. मजूर पहाटे गावच्या चौकात येऊन उभे राहत. मुकादम येई, दंड-मनगटे पाहून माणसे निवडी. ज्याची निवड झाली नाही त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत. चेरिन्योला गावचा जुझेप्पे दि व्हित्तोरिओ (१८९२–१९५७) हा अशाच शेतमजुराचा मुलगा. लहानपणी बाप गेला आणि पोर शेतावर कामाला लागला. पुढे तोच साऱ्या इटलीतील कामगारांचा पुढारी झाला. १९५० सालच्या कायद्याने मोठ्या जमिनदाऱ्यांचे काही तुकडे होऊन ते कुळांना आणि मजुरांना मिळाले, त्यामागे अशा माणसांचे झगडे होते. हे सांगायचे कारण एवढेच की, पुढे ज्या पदार्थांची नावे येतील ती या चौकात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या घरातली आहेत.

करपलेल्या सरव्याचे पीठ

पीक निघाल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचण्याला आपण सरवा वेचणे म्हणतो. पुलियातही मालकाचा गहू खळ्यावर गेला की मजुरांच्या बायकापोरे सरवा वेचायला निघत. पण तेथे कापणीनंतर शेतातली धसकटे जाळण्याची चाल होती. मग वेचायला मिळे तो जळालेल्या रानातला काळाठिक्कर, करपलेला गहू. तो दळून थोड्या चांगल्या पिठात मिसळायचा आणि त्याचा पाव किंवा शेवया करायच्या. पीठ करड्या रंगाचे, वास धुराचा, चव कडवट. त्याचे नाव ‘ग्रानो आर्सो’, म्हणजे जळका गहू.

आज हाच जळका गहू शहरातल्या मोठ्या हॉटेलांत मानाने वाढला जातो. आता त्यासाठी कोणी सरवा वेचत नाही. चांगला गहू मुद्दाम भट्टीत भाजून त्याचे पीठ करतात आणि साध्या पिठापेक्षा जास्त भावाने विकतात. ज्या म्हाताऱ्यांनी लहानपणी तो नाइलाजाने खाल्ला, त्यांना याचे हसू येत असेल की वाईट वाटत असेल, हे त्यांनाच ठाऊक.

हा गहू आपल्याला परका नाही. पुलियात मुख्यतः पिकतो तो कठीण, काचेसारख्या दाण्याचा गहू. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो याच जातीचा. याचा रवा चांगला पडतो, शेवया तुटत नाहीत. नाझारेनो स्त्राम्पेल्ली (१८६६–१९४२) या इटालियन गहू-पैदासकाराने फोज्जाच्या केंद्रात उत्तर आफ्रिकेतल्या गव्हातून निवड करून ‘सेनातोरे काप्पेल्ली’ नावाचा वाण काढला. १९२३ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. ताटे माणसाच्या खांद्याला लागतील एवढी उंच, त्यामुळे लोळण्याची भीती, पण कोरड्या जमिनीत तग धरणारा. कित्येक वर्षे दक्षिण इटलीच्या शेतात त्याचेच राज्य होते. १९७४ साली ‘क्रेझो’ हा बुटका, जास्त उताऱ्याचा वाण आला आणि मग त्याच्यासारखे इतर आले. जुना गहू मागे पडला. अलीकडे पावाच्या आणि शेवयांच्या चवीसाठी काही शेतकरी पुन्हा तो जुना गहू पेरू लागले आहेत. उतारा कमी, पण भाव जास्त.

या रव्यात अंडे नाही, तेल नाही. फक्त कोमट पाणी घालून कणीक मळतात. तिच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या करून बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा बोथट सुरीखाली लाकडी पाटावर ओढतात आणि अंगठ्यावर उलटा करतात. छोटासा कान तयार होतो. म्हणूनच त्याचे नाव ‘ओरेक्क्येत्ते’, छोटे कान. बारी शहराच्या जुन्या गल्लीत बायका दारात पाट मांडून बसतात, शेजारणीशी बोलता बोलता शेकडो कान वळतात आणि जाळीवर वाळत घालतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बोटव्या, नखुल्या, मालत्या वळायला बायका जमतात, तेच दृश्य.

हे कान मोहरीच्या जवळच्या कुळातल्या एका कडवट पालेभाजीबरोबर एकाच पाण्यात उकडतात. वरून लसूण, मिरची आणि मांदेलीच्या कुळातला खारवलेला छोटा मासा ऑलिव्ह तेलात परतून घालतात. चीज विकत घ्यायची ऐपत नसे, म्हणून शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत तळून वर भुरभुरत. आज ऐपत आली तरी चुरा घालण्याची पद्धत गेली नाही, कारण तो चवीला छानच लागतो.

शिक्का मारलेला पाव

पुलियाच्या आतल्या भागात, पठारावर, अल्तामुरा नावाचे गाव आहे. तेथील पाव मोठा, बाहेरून जाड आणि करकरीत, आतून पिवळसर. बन्सीसारख्या गव्हाचा दोनदा दळलेला बारीक रवा, पाणी, मीठ आणि आधीच्या कणकेतून राखून ठेवलेला आंबट गोळा, एवढ्याच गोष्टी त्यात असतात. लाकडाच्या भट्टीत तो भाजतात. आठवडाभर तो खाण्याजोगा राहतो. हे टिकाऊपण गरजेपोटी आले. मेंढपाळ आणि मजूर घर सोडून आठ-आठ दिवस लांबच्या वाड्यांवर जात. शिदोरी तेवढी टिकलीच पाहिजे.

पूर्वी घरोघरी भट्टी नसे. बायका घरी कणीक मळून गावच्या भट्टीवर नेत. सगळ्यांचे पाव एकाच वेळी आत जात. मग कोणाचा पाव कोणता हे कळावे म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे. त्यावर घरधन्याच्या नावाची अक्षरे कोरलेली. पाव आत जाण्यापूर्वी त्यावर शिक्का उमटवायचा. लांब रात्री मेंढपाळ हे शिक्के कोरत बसत. आज ते शिक्के तेथील संग्रहालयांत जपून ठेवले आहेत.

मेंढपाळांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपले धनगर पावसापाण्याच्या हिशेबाने मेंढरे घेऊन देशावरून कोकणात आणि परत असे फिरतात. तसेच अब्रुत्सी डोंगरातले मेंढपाळ हिवाळ्यात लाखो मेंढ्या घेऊन पुलियाच्या मैदानात उतरत. त्यांच्यासाठी गवताचे रुंद रस्ते राखून ठेवलेले असत. सर्वांत मोठे रस्ते १११ मीटर रुंद. आरागॉनच्या आल्फोन्सो राजाने १४४७ साली या मेंढ्यांवर कर घेण्यासाठी वेगळे खातेच काढले होते. मेंढपाळांच्या या हंगामी फिरतीलाही युनेस्कोने २०१९ साली वारशाचा मान दिला.

पाव कितीही टिकाऊ असला तरी शेवटी वाळतोच. तो टाकून द्यायचा नाही. शिळ्या पावाचे तुकडे पाण्यात भिजवून पिळायचे, त्यात टोमॅटो, कांदा, काकडी, मीठ आणि तेल कालवायचे. याला ‘चालेद्दा’ म्हणतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा करून त्यावर कांदा, तिखट नि कच्चे तेल घेणाऱ्याला याची ओळख वेगळी करून द्यायला नको. किनाऱ्याकडे ‘फ्रिसा’ नावाची कडक वेटोळी मिळते. सातूच्या किंवा गव्हाच्या पिठाची ही वेटोळी दोनदा भाजतात, त्यामुळे ती महिनोन् महिने टिकतात. कोळी होडीत घेऊन जात आणि समुद्राच्याच पाण्यात बुचकळून मऊ करीत. मीठ वेगळे घालायला नको.

अल्तामुराच्या पावाचे नाव इतर गावच्या पावांनी लावू नये म्हणून २००३ साली युरोपीय संघाने त्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. हा मान मिळालेला युरोपातला तो पहिला पाव. कोठला गहू, कोणते पाणी, कशी भट्टी, कवच किमान तीन मिलिमीटर जाड, हे सारे त्यात ठरवून दिलेले आहे. याच सुमारास गावात एक किस्सा घडला. २००१ साली एका जगप्रसिद्ध अमेरिकन हॅम्बर्गर कंपनीने तेथे झोकात दुकान उघडले. जवळच एका पाववाल्याचे छोटे दुकान होते. तो टोमॅटो आणि तेल घातलेली तव्याएवढी जाड रोटी, फोकाच्चा, भाजून विकत असे. वर्ष-दीड वर्षात गावकरी पुन्हा पाववाल्याकडे वळले आणि २००२ च्या अखेरीस कंपनीला कुलूप लावावे लागले. कोणी मोर्चा काढला नाही, दगड मारला नाही. लोकांनी फक्त आपल्या जिभेचे ऐकले. पुढे या प्रकरणावर एक चित्रपटही निघाला.

डाळ आणि रानभाजी

मांस सणासुदीला. रोजचा जोर कडधान्यावर. हरभरा, मसूर, लाख आणि ‘फावा’ नावाचा वालापेक्षा मोठा, चपटा दाणा. लाख म्हणजे विदर्भात लाखोळी म्हणतात तीच. फावा रब्बीत पेरतात, तो जमिनीला नत्र देतो आणि त्याच्या मागे गहू चांगला येतो. म्हणजे फेरपालट आणि पोटाची सोय दोन्ही एकाच पिकात.

फाव्याची सोललेली डाळ मातीच्या उभट मडक्यात घालून चुलीच्या कडेला, जाळापासून थोडी दूर, तासन् तास शिजत ठेवायची. बाई शेतावरून येईतो तिचे लोणी झालेले असे. जोडीला बांधावर उगवणारी रानटी चिकोरी. आपल्याकडे जिच्या मुळांची भुकटी कॉफीत मिसळतात, तिचाच हा पाला. डाळ गोडसर, पाला कडू, वर कच्चे ऑलिव्ह तेल. गरिबाचे हे रोजचे जेवण आज पुलियाचा मानबिंदू मानला जातो.

आमच्या भगिनींना करून पाहावेसे वाटेल म्हणून आपल्या घरातल्या जिनसांवर बसवलेली कृती देतो. दोन वाट्या सोललेल्या वालाची डाळ रात्री भिजत घालावी. सकाळी बुडून वर दोन बोटे पाणी राहील असे पाणी घालून मंद जाळावर शिजवावी. फेस काढून टाकावा. पूर्ण गळाली की मीठ घालून लाकडी रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटावी. पिठल्याइतकी घट्ट राहू द्यावी. एक जुडी मेथी मिठाच्या पाण्यात उकडून निथळावी. तीन-चार लसणीच्या पाकळ्या आणि एक सुकी मिरची दोन चमचे तेलात परतून त्यात मेथी ढवळून घ्यावी. ताटात एका बाजूला डाळ, एका बाजूला मेथी, वर घाण्याचे कच्चे शेंगदाणा तेल. बरोबर भाकरी आणि फोडलेला कांदा. फोडणी, हळद, मसाला काही घालू नये, म्हणजे डाळीची मूळ चव कळते.

टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही तेथे आणि येथे अमेरिकेतूनच आली. पुलियाच्या बायकांनी टोमॅटोची चांगली जिरवाजिरव केली. उन्हाळ्यात चिरून, मीठ लावून गच्चीवर वाळवायचे. शिजवून, गाळून बाटल्या भरायच्या. त्यासाठी सारे घर एक दिवस राबते. आणि एक जाड सालीची जात तर सुती दोऱ्यात माळेसारखी ओवून छताला टांगून ठेवतात. अशी माळ हिवाळाभर टिकते.

काही वाया घालवायचे नाही, याचे आणखी एक उदाहरण आंद्रिया गावचे. तेथील गवळी दुधापासून मऊ चीजचे गोळे करीत. उरलेले चीजचे धागे आणि साय यांचे काय करायचे? १९२० नंतरच्या काळात कोणी तरी ती उरसूर ताज्या चीजच्याच पुरचुंडीत भरून गाठ मारली. तीच ‘बुर्राता’. २०१६ साली आंद्रियाच्या बुर्रातालाही नावाचे संरक्षण मिळाले.

समुद्राचे देणे

तारांतो बंदरात ‘छोटा समुद्र’ नावाची एक खाडी आहे. तिच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात. खारे आणि गोडे पाणी मिसळते तेथे शिणाणे गोडसर चवीची होतात. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना शिणाणे वेगळी सांगायला नकोत. काळ्या शिंपल्यातले ते मऊ मांस. मातीच्या पसरट भांड्यात बटाट्याच्या चकत्या, कच्चे तांदूळ, अर्धा शिंपला काढलेली शिणाणे, कांदा आणि टोमॅटो यांचे थर लावून भट्टीत भाजतात. बारीकडचा हा आवडता पदार्थ.

या तारांतोशी आपल्या माणसांचाही संबंध आला आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या सप्टेंबरमध्ये आठवी हिंदी डिव्हिजन याच बंदरात उतरली. तिच्यात पाचव्या मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. पुढे १९४५ च्या एप्रिलमध्ये उत्तर इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव याच बटालियनचे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक जवानांनी ऑलिव्हच्या बागा प्रथम पाहिल्या त्या या मोहिमेत.

तारांतोत १९६० नंतर मोठा पोलाद कारखाना उभा राहिला. हजारो शेतमजुरांच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, घरे झाली. पण धूर आणि विषारी द्रव्येही आली. २०११ साली खाडीच्या कारखान्याजवळच्या भागातली शिणाणे खाण्यास अयोग्य ठरवून विकण्यास मनाई झाली. रोजी की रोटी, असा प्रश्न एकाच गावात समोरासमोर उभा राहिला.

पाहुण्यात देव पाहणारे ताट

मार्चच्या १९ तारखेला संत योसेफाचा सण येतो. टाचेच्या टोकाला सालेंतो हा भाग. तेथे जुर्दिन्यानोसारख्या गावांत या दिवशी नवस फेडणारी घरे मोठे ताट मांडतात. तीनपासून तेरापर्यंत विषम संख्येने माणसे बोलावतात. ती संत म्हणून पंगतीला बसतात. पूर्वी यात गावातली गरीब माणसे बोलावण्याची चाल होती. मोठाले पाव, मासे, रानभाज्या, मधातले तळण आणि मुख्य म्हणजे हरभऱ्याबरोबर शिजवलेल्या रुंद शेवया. यातल्या थोड्या शेवया तेलात तळून वर घालतात. या पदार्थाचे नाव ‘चीचेरी ए त्रिया’. त्यातला ‘त्रिया’ हा शब्द अरबी भाषेतून आलेला आहे. योसेफ झालेला माणूस काठी ठोकतो, तेव्हा एक पदार्थ संपतो आणि दुसरा येतो. भुकेला मुलूख वर्षातून एकदा तरी सर्वांना पोटभर जेवू घालण्याची अशी सोय करून ठेवतो.

झाड मेले तर चूल काय करील?

वर जेवढे पदार्थ सांगितले त्यांतल्या बहुतेकांत ऑलिव्हचे तेल आहे. हे तेल नाही तर पुलियाची चूल नाही. या एका भागात ऑलिव्हची सुमारे सहा कोटी झाडे होती आणि इटलीच्या तेलाचा फार मोठा वाटा येथूनच जाई. काही झाडे हजार वर्षांहून जुनी मानतात. खोडे पिळवटलेली, पोकळ, तरीही वर हिरवी. ओस्तुनीजवळच्या अशा पुरातन झाडांना २००७ च्या प्रांतिक कायद्याने संरक्षण दिले आहे. पूर्वी सालेंतोत खडक कोरून जमिनीखाली तेलाचे घाणे असत. आत ऊब राही, त्यामुळे तेल थिजत नसे. हंगामभर माणसे आणि खेचरे तेथेच मुक्कामाला. अठराव्या शतकात गाल्लीपोली बंदरातून हे तेल पिंपे भरभरून उत्तर युरोपात जाई आणि तेथल्या शहरांतले दिवे त्यावर जळत.

त्याच गाल्लीपोलीच्या परिसरात २०१३ साली ऑलिव्हची झाडे शेंड्याकडून वाळू लागल्याचे उघड झाले. भाजल्यासारखी पाने, मग फांदी, मग सारे झाड. शास्त्रज्ञांना ‘झायलेला’ नावाचा जीवाणू सापडला. तो खोडात मुळांचे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो, नळ्या तुंबतात आणि झाड पाण्यावाचून मरते. मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर तो आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतो तो एक तुडतुड्यासारखा छोटा कीटक. त्याची पिले वसंतात तणावर फेसाच्या थुंकीत बसलेली असतात.

रोगट झाड बरे करणारे औषध अजून नाही. सरकारने रोगट आणि आजूबाजूची झाडे तोडण्याचा हुकूम काढला. ज्या झाडाखाली पणजोबा जेवले ते तोडायला हात कसा धजावेल? २०१५ साली लोक करवतींसमोर उभे राहिले. रोगाचे कारण वेगळेच आहे, असेही अनेक जण म्हणू लागले. वर्षाच्या शेवटी लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोड थांबवली आणि शास्त्रज्ञांचीच चौकशी लावली. ती चौकशी २०१९ साली काही सिद्ध न होता बंद झाली. तोवर रोग उत्तरेकडे सरकत राहिला. शेतकरी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे २ कोटी १० लाख झाडांना याची झळ पोहोचली. मैलोन् मैल करड्या सांगाड्यांची राने उभी राहिली. घाणे बंद पडले. तरुण पोरे कामासाठी उत्तरेला गेली.

आता तेथील शेतकरी दोन गोष्टी करतात. वसंतात तण नांगरून काढतात, म्हणजे त्या कीटकाची पिले वाढत नाहीत. आणि रोगाला तोंड देणाऱ्या ‘लेच्चीनो’ व ‘फावोलोझा’ या जातींची नवी रोपे लावतात. काही जणांनी जुन्या खोडांवर लेच्चीनोची कलमे बांधून पाहिली आहेत. सगळीच साधली नाहीत. नव्या झाडांचे तेल चांगले आहे, पण ‘चेल्लीना’ आणि ‘ओल्यारोला’ या जुन्या जातींच्या तेलाची चव वेगळी होती. फाव्याच्या डाळीवर ओतलेले ते तेल पुढच्या पिढीला कसे लागत होते, हे सांगावे लागेल.

ताटामागचा घाम

वारशाचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. फोज्जाच्या मैदानात आज टोमॅटोची प्रचंड शेती आहे. तोडणीला येतात ते बहुतेक आफ्रिकेतून आणि पूर्व युरोपातून आलेले मजूर. झोपड्यांत राहतात, मुकादमाला हिस्सा देतात. शंभर वर्षांपूर्वी चेरिन्योलाच्या चौकात जे घडे, तेच दुसऱ्या माणसांच्या वाट्याला आले. २०१५ साली आंद्रियाजवळच्या द्राक्षबागेत काम करता करता एक शेतमजूर बाई मरण पावली. देश हळहळला आणि २०१६ साली मजुरांना लुबाडणाऱ्या मुकादमांना व मालकांना शिक्षा करणारा कडक कायदा झाला. कायदा झाला म्हणजे अन्याय संपला असे नाही. पण त्याला नाव मिळाले.

पुलियाच्या चुलीने आपल्याला काय सांगितले? चव मसाल्याच्या डब्यात कमी आणि रानात जास्त असते. गव्हाचा वाण, बांधावरचा पाला, खाडीचे पाणी, बागेतले झाड यांपैकी एक जरी गेले, तरी ताटातला पदार्थ नावापुरता उरतो. जपायचे तर या सर्वांना एकत्र जपावे लागते. आणि ज्या अन्नाची गरिबीमुळे लाज वाटत होती, त्याचीच किंमत जगाने पुढे ओळखली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना किती रानभाज्या ओळखता येतात, कोणती डाळ कोणत्या मडक्यात किती वेळ ठेवायची, कोणत्या गव्हाच्या शेवया तुटत नाहीत, हे अजून विचारता येण्यासारखे आहे. ते विचारून वहीत उतरवून ठेवावे आणि जुन्या वाणाचे मूठभर बी दरसाल पेरून जिवंत ठेवावे. सालेंतोतला शेतकरी आज लेच्चीनोची हातभर रोपे लावतो आहे. त्यांची पुरती सावली पडेपर्यंत त्याचे केस पिकलेले असतील, पण पहिली फळे चार-पाच वर्षांत येतात. तेवढ्यावर घाणा पुन्हा सुरू होतो.